घाट कृष्णेचा, गाव परमुलखाचे

टिळकवाडीत राहणाऱ्या माणसास नावाचे मोल समजावून सांगण्याचे कारण नाही. आमच्या वस्तीच्या नावातच लोकमान्य आहेत. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याची आठवण काँग्रेस रोडने जपली, आणि अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली विहीर शंभर वर्षे उलटली तरी काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. सीमाभागात तर पाटीवरच्या एका अक्षरासाठी माणसे मोर्चे काढतात, कोर्टाच्या पायऱ्या चढतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव पालटले तेव्हा घरोघरी काय बोलले गेले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

नावाविषयी इतका जागरूक असलेला हा समाज उन्हाळ्याच्या सुटीत निपाणी-कोल्हापूर ओलांडून महाबळेश्वरी जातो, वाटेत वाईस थांबतो, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांस काय सांगतो? ‘स्वदेस’चा घाट पाहिला, ‘दबंग’चे शूटिंग झाले ती जागा पाहिली, शाळेच्या सिनेमातली ती शाळा बाहेरून पाहिली. घाट कोणी बांधला, नदी कोणती, देव कोणता, हे विचारले तर उत्तर येत नाही. ज्यांनी आपल्या गावाच्या नावासाठी आयुष्ये वेचली त्यांच्याच नातवंडांस कृष्णामाईचे नाव सिनेमाच्या नावाखाली शोधावे लागते, यास काय म्हणावे? या प्रकाराविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हा डोंगर कोणता, ते पाहू. सह्याद्रीच्या सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या माथ्यावर क्षेत्र महाबळेश्वर वसले आहे. आजच्या बाजारपेठेपासून थोड्या अंतरावर असलेल्या या जुन्या गावात महाबळेश्वराचे, पंचगंगेचे आणि कृष्णाबाईचे अशी देवळे आहेत. गोकर्णाच्या महाबळेश्वराचे दर्शन ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या आमच्या कोंकणी वाचकांस हे नाव परके वाटणार नाही. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम पूजिले जातात. त्यांच्याच शेजारी भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. शिवछत्रपतींनी १६६५ मध्ये जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. या माथ्यावरून निघालेली कृष्णा वाईस येते, पुढे सांगली-मिरजेच्या बाजूने नरसोबाच्या वाडीस जाते, आपल्या कर्नाटकात उतरते आणि अखेर पूर्व समुद्रास मिळते. तीर्थस्नान, विश्रांती, निर्मळ हवा या तिन्हींसाठी लोक या माथ्यावर येत आले आहेत. हवापालटाची कल्पना आम्ही साहेबाकडून उसनी घेतली असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर साहेब आला. १८२४ मध्ये जनरल लॉडविक हा डोंगर चढला. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी बोलणी करून येथे आजाऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसविले आणि पेठेस स्वतःचे नाव दिले. पुढे जॉन चेसन या गृहस्थाने पाचगणी वसविली. तेथे शाळा निघाल्या, आणि डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापिलेल्या आरोग्यधामात क्षयाने जर्जर झालेल्या माणसांस त्या कोरड्या हवेने जीवदान दिले. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु याच काळात सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला, मढीमहालाचे आर्थर सीट झाले, नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला. ज्या टेकड्यांस गुराखी आणि धावड पिढ्यान्‌पिढ्या नावाने हाका मारीत, त्यांच्यावर गव्हर्नरांची, सेनापतींची आणि त्यांच्या लेकींची नावे चढली.

हा अन्याय होता. तरी त्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंग्रजाने जुने नाव काढले तेव्हा त्या जागी दुसरे नाव ठेवले, ते नकाशावर लिहिले, आणि हा अमुक डोंगर अमुक जिल्ह्यात आहे हे तो लपवीत बसला नाही. पंचगंगेच्या देवळास त्याने पंचगंगेचे देऊळच म्हटले. त्याच्यामागून जो आला त्याने मात्र डोंगराचे नाव, नदीचे नाव, देवाचे नाव आणि जिल्ह्याचे नाव एकाच फटक्यात पुसून टाकले. हा तिसरा म्हणजे सिनेमावाला.

सिनेमाचा आणि या डोंगराचा संबंध जुना आहे. राज कपूर यांच्या १९४९ च्या ‘बरसात’मध्ये नायिकेच्या आईने मुलीस काश्मिरात धाडण्यास नकार दिला, म्हणून काश्मीरची काही दृश्ये महाबळेश्वरी उरकावी लागली, असे चित्रपटसृष्टीत सांगतात. तेव्हापासून या डोंगराच्या कपाळी जे लिहिले गेले ते आजतागायत चालू आहे: असावे स्वतः, दिसावे दुसऱ्यासारखे. गेल्या तीस वर्षांत तर वाई परिसराने केवढी सोंगे घेतली! प्रकाश झा यांचे ‘मृत्युदंड’ १९९७ मध्ये आले आणि ‘गंगाजल’ २००३ मध्ये. दोन्हींची कथा बिहारातली, दोन्हींत वाईचा परिसर बिहार म्हणून उभा. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेतील चरणपूर झाला. २००६ चे ‘ओंकारा’, २०१० चे ‘इश्किया’ आणि त्याच वर्षीचे ‘दबंग’ यांत हाच मुलूख उत्तर प्रदेश होऊन बसला. २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये तो थेट तमिळ देशात जाऊन पोहोचला. वर पाचगणीस २००७ च्या ‘तारे ज़मीन पर’ची शाळा चित्रित झाली. बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू, काश्मीर असा सारा भारत आमच्या कृष्णाकाठाने वठविला. त्या यादीत नाही ते एकच गाव, वाई.

ज्या घाटास ही सोंगे घ्यावी लागली तो आहे तरी कोणाचा? वाईस दक्षिणकाशी म्हणतात. तेथील काशीविश्वेश्वराचे आणि महागणपतीचे देऊळ रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधिले. ज्यास लोक प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतात त्याच्या देवळाचे साल १७६२. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. नदीशी भांडण न करता तिला वाट करून देणारी ही कारागिरी पाहण्यासाठी दूरदेशीच्या स्थापत्यशास्त्र्यांनी यावे. गावातील सात घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. १९१६ मध्ये नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा काढिली. धर्मकोशाचे अवाढव्य काम येथेच चालले. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी झाली तीही याच गावी. जगातील यच्चयावत् वस्तूंची नावे अकारविल्हे लावून मराठी वाचकास देणाऱ्या गावाचे स्वतःचे नाव पडद्यावर लिहावयास कोणास सवड होऊ नये, यापेक्षा मोठा दैवदुर्विलास कोणता?

मेणवली तर नाना फडणविसांची. १७६८ मध्ये हे गाव त्यांस मिळाले. त्यांनी तेथे सहा चौकांचा वाडा बांधिला, कृष्णेस चंद्रकोरीसारखा घाट घातला आणि काठावर मेणेश्वराचे व विष्णूचे अशी दोन देवळे उभारली. या वाड्यातील कागदपत्रे मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. उत्तर पेशवाईच्या कारभाराविषयी आज आपणांस जे कळते त्यातील मोठा वाटा त्या रुमालांतून आला. मेणेश्वरापाशी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्यांपैकी ती एक. ती वाजविणारा भाविक आजही तिला वसईची घंटा म्हणतो. युद्धात मिळविलेली वस्तूसुद्धा आमच्या पूर्वजांनी तिच्या मूळ गावाच्या नावासकट सांभाळली. तिच्या पायथ्याशी मात्र आज जो घाट आहे, त्यास त्याच्या बांधणाऱ्याचे नाव उरले नाही. एका सिनेमाचे नाव उरले आहे.

येथे आमचे विरोधक म्हणतील की तुम्ही सिनेमाचे वैरी आहात. हा आरोप आम्ही साफ नाकारतो. निपाणीहून हाकेच्या अंतरावर कोल्हापूर आहे. तेथे बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२९ मध्ये त्याच मातीत ‘प्रभात’चा जन्म झाला. आमच्याच टिळकवाडीच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ अध्यापन केलेल्या पु. ल. देशपांड्यांनी १९५३ मध्ये ‘गुळाचा गणपती’ काढला. ज्या मुलखाने या देशास चित्रपट काढावयास शिकविले त्या मुलखातील माणसाने चित्रपटाचा द्वेष करणे म्हणजे आपल्याच घरच्या विद्येचा द्वेष करणे होय.

देवळात सोंग घेऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. देवळाच्या प्रांगणात रात्र रात्र दशावतार पाहून ज्या समाजाची मुले वाढली त्याने असे म्हणू नये. परंतु दशावताराची रीत पाहा. आधी गणपती येतो, नमन होते, ज्या गावची जत्रा त्या गावच्या देवास हात जोडले जातात, आणि मग राजा, राक्षस, संकासुर हवा तसा धिंगाणा घालतात. राम म्हणून उभा राहणारा नट अयोध्येचा असतो. परंतु ज्या मांडवात तो उभा आहे तो मांडव सातेरीच्या किंवा रवळनाथाच्या दारातला आहे, हे नट विसरत नाही आणि पाहणाराही विसरत नाही. सोंग नटाने घ्यायचे, देवाने नव्हे. आजच्या सिनेमात सोंग देवळासच घ्यावयास लावतात, आणि नट मात्र आपल्या खऱ्या नावाने टोलेजंग फलकांवर झळकतो. नमनापुरते तरी यजमानाचे नाव घ्यावे, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरा आक्षेप असा की, कथा काल्पनिक असते. काल्पनिक कथेस काल्पनिक गाव हवे. हे आम्हास संपूर्णपणे मान्य आहे. लेखकाने आपल्या गावास चरणपूर म्हणावे, लालगंज म्हणावे; तो त्याचा अधिकार. परंतु कथेतील गावाचे नाव निराळे आणि ज्या मातीवर ती कथा उभी राहिली तिचे नाव निराळे. पहिले लेखकाने द्यावे. दुसरे द्यावयास निर्माता बांधलेला आहे. चित्रपट संपल्यावर, दिवे लागून प्रेक्षक दाराशी पोहोचल्यावर, डोळ्यांस न दिसणाऱ्या वेगाने धावणाऱ्या अक्षरांत कोठे तरी आभार मानणे हा ऋण फेडण्याचा मार्ग नव्हे. आरंभी जागा नसते, असेही कोणी म्हणू नये. पात्रे काल्पनिक आहेत हे सांगावयास तेथे जागा आहे. जनावरांस इजा झाली नाही हे सांगावयास जागा आहे. २०१२ पासून तंबाखूच्या दुष्परिणामांची सूचना आरंभी आणि मध्यंतरानंतर दाखविण्याचा नियम आहे, आणि ती सूचना आम्ही निमूटपणे पाहतो. निपाणीच्या तंबाखूची निंदा करावयास पडद्यावर अर्धे मिनिट मिळते. मेणवलीच्या घाटाचे नाव घ्यावयास पाच क्षण मिळत नाहीत!

नाव सांगितल्याने चित्रपटाची मोहिनी उतरते, हेही खरे नव्हे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. त्यातील करमाळ्याचा मुलूख करमाळ्याचाच राहिला, बिटरगाव बिटरगावच राहिले, भाषाही तेथलीच राहिली. आणि ज्यांनी करमाळा नकाशावरही पाहिला नव्हता असे लोक त्या चित्रपटासाठी रांगा लावून उभे राहिले. खरे नाव घेऊन उभे राहणाऱ्याचे काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वजनदार आहे. चित्रीकरण आले की खाणावळी भरतात, सुतारांस काम मिळते, गर्दीत उभे राहणाऱ्यांस रोज मिळतो, घोडेवाल्यांची चूल पेटते. कष्टकऱ्याच्या या मिळकतीस नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आम्ही उलट विचारतो की, घाटाच्या मोबदल्यात घाटास काय मिळाले? मजुरास मजुरी मिळाली, ती त्याची होती. घाटाच्या दगडास त्याची मजुरी मिळाली काय? दोनशे-अडीचशे वर्षांच्या पायरीवर जड यंत्रे चढली, खांब उभारले गेले, दिवे तापले. चुना निखळला तर तो पुन्हा कोणी भरावयाचा? आणि सिनेमाच्या नावाने जो प्रवासी येथे ओढला जातो तो काय पाहावयास येतो? नायक जेथे बसला ती पायरी तो शोधतो, तेथे बसून स्वतःचे छायाचित्र काढतो आणि मेणेश्वराकडे पाठ करून निघून जातो. त्यास दोष तरी कसा द्यावा? ‘हा घाट नानांचा’ असे त्यास कोणी सांगितलेच नाही.

हा रोग केवळ आमच्याकडचा नाही. चेक देशात कार्लोव्ही व्हारी नावाचे डोंगरातील गाव आहे. तेथे उन्हाळी म्हणजे ऊन पाण्याचे झरे आहेत. चौदाव्या शतकातील सम्राट चौथा चार्ल्स याच्या नावाने ते ओळखले जाते आणि शतकानुशतके युरोपातील आजारी माणसे तेथे पाण्याच्या उपचारासाठी येतात. २००६ च्या ‘कसिनो रोयाल’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात हेच गाव माँटेनेग्रो म्हणून दाखविले गेले. म्हणजे वाईचीच कथा. परंतु त्या गावाने नुसते हात चोळले नाहीत. १९४६ मध्ये सुरू झालेला चित्रपट-महोत्सव ते आपल्या नावाने भरविते; जगभरचे निर्माते त्याच्या दारी येतात आणि बक्षिसावर गावाचे नाव कोरून घेऊन जातात. २०२१ मध्ये युरोपातील अकरा थोर स्नाननगरांत त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. पडद्यावर कोणीही काही म्हणो, त्या गावातील लहान मुलास आपल्या झऱ्याचे नाव ठाऊक असते. आमच्या आणि त्यांच्यात फरक पडतो तो येथे.

म्हणून या लेखाचा खरा रोख मुंबईच्या निर्मात्यांवर नाही. निर्माता व्यापारी आहे. जेथे स्वस्त, सुंदर आणि तक्रार न करणारे देऊळ मिळेल तेथे तो जाणारच. आमचा रोख देवळांच्या विश्वस्तांवर आहे आणि त्यांच्याहून अधिक, ज्यांच्या नावे ते विश्वस्त कारभार पाहतात त्या समाजावर आहे. देवाच्या एका चांदीच्या समईचा हिशेब सभेत तासभर विचारणारे महाजन, देवाचे नाव फुकट गेले त्याचा हिशेब का विचारीत नाहीत? नाव ही मालमत्ता नव्हे काय?

आमच्या कोंकणी वाचकांनी तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळास कंटाळून आपल्या पूर्वजांनी देव उचलले आणि रातोरात खाडी ओलांडून अंत्रुजात आणले. मंगेशाने कुशस्थळी सोडली, शांतादुर्गेने केळशी सोडली. नव्या जागी नवी देवळे झाली, नवे भक्त आले, साडेचारशे वर्षे गेली; तरीही कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही आठवण पुसली गेली नाही. घर गेले, शेत गेले, भाषेवर बंदी आली, पण गावाचे नाव गाठीस बांधून माणसे कारवार, मंगळूर, बेळगावपर्यंत आली. आजही दोन अनोळखी घराण्यांची गाठ पडली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमचो गांव खंयचो?’ देव स्थलांतरित झाला तरी ज्यांनी त्याचे गाव हरवू दिले नाही, त्यांच्या वंशजांनी देव जागच्या जागी असताना त्याचे गाव हरवू द्यावे, हे कोणत्या न्यायाने?

आमच्या परंपरेत दुसऱ्या नदीचे नाव घेण्यास मनाई नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. गुरू कन्या राशीस येतो तेव्हा भागीरथी कृष्णेच्या भेटीस येते. त्यास आपण कन्यागत म्हणतो. २०१६ मध्ये ते पर्व लागले तेव्हा कृष्णाकाठी स्नानास लोटलेले लोक गंगेच्या नावाने कृष्णेतच बुडी मारीत होते. परंतु त्या पर्वात गंगा पाहुणी असते आणि कृष्णा यजमानीण. पाहुणी आली म्हणून यजमानीण घराबाहेर जात नाही. दोघींची एकत्र पूजा होते, दोघींची नावे घेतली जातात. सिनेमात उत्तर देशाची नगरी कृष्णेच्या घरात येते आणि कृष्णेसच बाहेर काढते. पाहुणचार आणि बळकावणी यांतील हा भेद ज्यास कळत नाही, त्यास तीर्थ म्हणजे काय हे कळले असे आम्ही म्हणणार नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून उपायही सांगतो. ज्या देवस्थानाकडे चित्रीकरणाची मागणी येईल त्याच्या विश्वस्तांनी परवानगीपत्रात पाच कलमे घालावीत. चित्रपटाच्या आरंभी, वाचता येईल अशा अक्षरांत, देवळाचे, नदीचे आणि गावाचे नाव यावे. नित्यपूजेची वेळ आणि भाविकांची वाट अडवू नये. दगडात खिळा ठोकू नये, रंग लावू नये. मोबदल्याचा ठरीव भाग केवळ घाटाच्या आणि देवळाच्या डागडुजीसाठी राखून ठेवावा आणि त्याचा जमाखर्च सभेपुढे मांडावा. आणि चित्रीकरणातील देवळाच्या दृश्यांची एक प्रत गावाच्या ग्रंथालयास द्यावी, म्हणजे पन्नास वर्षांनी एखादी पायरी ढासळली तर ती कशी होती हे पाहावयास मिळेल. ही कलमे ज्या निर्मात्यास जाचक वाटतील त्याने पडद्यावर हवे ते गाव रंगवून घ्यावे. त्यात आमचे काही जात नाही. एका देवळाने ही कलमे घातली तर निर्माता शेजारच्या देवळाकडे जाईल. म्हणून कृष्णाकाठच्या सर्व देवस्थानांनी एकत्र बसून ती घालावीत.

घाटावर मराठीत एक स्वच्छ शिळाफलकही हवा. हा घाट कोणी बांधला, केव्हा बांधला, समोरची नदी कोठून येते आणि कोठे जाते, एवढे त्यावर असावे. आणि जे काम कोणत्याही विश्वस्ताच्या हाती नाही, ते आमच्या वाचकांच्या हाती आहे. मुलांस घेऊन महाबळेश्वरी गेलात तर पहिली गाडी क्षेत्रास न्या. पंचगंगेच्या गोमुखातील पाणी त्यांच्या ओंजळीत घाला आणि पाचही नद्यांची नावे त्यांच्याकडून वदवून घ्या. मग स्ट्रॉबेरी खा, बाजार करा, सिनेमा कोठे झाला तेही दाखवा. क्रम मात्र बदलू नका.

शेवटी आपल्या दारातील गोष्ट. बेळगावहून सावंतवाडीस उतरताना घाटमाथ्यावर आंबोली लागते. महाबळेश्वरासारखीच ती थंड हवेची, तशीच धुवांधार पावसाची, आणि तेथेही डोंगराच्या गुहेतून एक नदी उगम पावते. हिरण्यकेशी तिचे नाव. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी वाट धरून ती आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते आणि घटप्रभेस मिळते. उगमापाशी महादेवाचे देऊळ आहे. त्या देवळाच्या पाण्यात एक लहानसा मासा आढळला, आणि २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे बारसे केले तेव्हा त्यास नदीचेच नाव दिले, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधतेचा वारसा म्हणून घोषित केली. बोटभर माशाचे नाव ठेवतानासुद्धा शास्त्रज्ञांस ज्या नदीचे स्मरण झाले, तिचे नाव उद्या कोणी काश्मीर किंवा केरळ म्हणून पडद्यावर पुसू लागला तर आपण काय करणार आहोत?

वाईस आणि मेणवलीस जे झाले ते झाल्यावर आपण जागे होत आहो. आंबोलीस ते व्हावयाचे आहे. तिच्या पावसाने, धुक्याने आणि धबधब्यांनी यंत्रे घेऊन येणारे लोक आज ना उद्या आकर्षित होतीलच. त्यांचे स्वागत करावे, त्यांस चहा पाजावा, आणि सही करण्यापूर्वी कागदावर पहिले वाक्य आपल्या हाताने लिहावे: ही नदी हिरण्यकेशी, हा देव महादेव, हे गाव आंबोली. एवढे वाक्य ज्यास पडद्यावर लिहिणे जमेल त्याने खुशाल चित्र काढावे.